साक्ष

कोर्टाबाहेरच्या बाकावर शलमोन कमरेला खोचलेली पटाशी शर्टावरून चाचपत होता. सुतारकामात आयुष्य गेलं, पण अशी धार त्याने कधी लावली नव्हती. ज्याने लेकीचा, रिबकाचा हात उकळत्या तेलात धरला, तो जावई समोर वकिलाशी हसत बोलत होता. पुकारा झाला, तसा तो आत गेला.

शेजारी बसलेली रिबका साक्षीसाठी उठली, तिच्यामागे शलमोनही उठला. तिने त्याला थांबवलं.

“पप्पा, तुम्ही इथंच बसा. तुम्ही काय आणलंय ते मला दिसलंय. आत आलात तर माझं सगळं लक्ष तुमच्या हाताकडे राहील. मी साक्ष कशी देऊ?”

“त्याच्यासमोर तुला एकटीला सोडू?”

“एकटी कुठं? प्रभू सोबत असतो, हे तुम्हीच शिकवलंत ना?”

तो पुन्हा बाकावर बसला. ती आत गेली, दार लागलं. शलमोनने डोळे मिटले.

“प्रभू, पोर तुझ्या हवाली केली. मी गेलो असतो तर त्याला जिता सोडला नसता. तूही सोडू नकोस.”

आतून रिबकाचा आवाज आला. आधी तो कापत होता. तेलाचं सांगायला लागली, तसा तो व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू येऊ लागला.