रिकामा रकाना

यादी रिकामी आली की एफ्राइनला दोन तमाले मिळायचे, मक्याच्या पिठाचे, केळीच्या पानात बांधून उकडलेले, अजून कोमट. त्यामुळे दर गुरुवारी ओतिलियाबाई, सगळ्यांची 'दोन्या', शवागाराच्या खिडकीशी आली की तोही जरा आशेनेच संगणकाला विचारायचा: बेवारस प्रेतांत पुरुष, वय वीस ते तीस, गोंदण नसलेला, आहे का कुणी?

"कुणी नाही, दोन्या."

"म्हणजे जिवंत आहे माझा नाबोर." ती शालीतून पुडकं काढायची. "खा लेका. सरकारी पगारावर एवढं पोट कुठलं पोसायला."

तीन वर्षं हेच. हरवलेल्या मुलाच्या अंगावर गोंदणाचा ठिपकासुद्धा नाही, हे आईने शपथेवर लिहून दिलं होतं. बाकीच्या खुणा, डाव्या पायाची सहा बोटं वगैरे, यादीत कुणी आलं तरच ताडून बघायच्या.

या गुरुवारी शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी, इत्सेल, त्याच्या पडद्यात डोकावली.

"एफ्राइनभाऊ, गोंदणाचा रकाना कोरा असलेले यात धरलेत?"

"कोरा म्हणजे नाहीच की."

"कोरा म्हणजे माहीत नाही. कातडीच उरली नसेल तर डॉक्टर काय लिहिणार? आणि ज्याचं माहीत नाही, त्याला यंत्र 'आहे'तही धरत नाही, 'नाही'तही धरत नाही. मुकाट्याने गाळतं."

"तीन वर्षांत कधी बोललं नाही ते."

"तुम्ही विचारलंत कधी?"

तिने नुसते कोरे रकाने मागवले. एकेचाळीस ओळी आल्या. सतरावी: वय अंदाजे चोवीस, डाव्या पायाला सहा बोटं. दाखल झाल्याची तारीख, दोन्या पहिल्यांदा आली त्याच्या चार दिवस आधीची. जागा: शीतघर, कप्पा नऊ.

शीतघर त्याच्या खुर्चीमागच्या भिंतीपलीकडे होतं.

"आजही कुणी नाही ना, लेका?" खिडकीतून आवाज आला. उत्तराची वाट न बघता तिने पुडकं पुढे सरकवलं.

एफ्राइनने ते घेतलं नाही. हिशेब त्याच्या डोक्यात आपोआपच मांडला जात होता. एकशे एक्कावन्न गुरुवार. तीनशे दोन तमाले. सगळे तिच्या चुलीवरचे, आणि सगळे त्याने खाल्लेले, नऊ नंबरच्या कप्प्याकडे पाठ करून.