तीसपैकी नऊ

‘तीसपैकी नऊ,’ डॉ. मेघा म्हणाल्या आणि त्यांनी रिपोर्ट भूपेंद्रपुढे सरकवला.

धुळ्याच्या त्या दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती आता बोलणारा संगणक तपासायचा. बंद खोलीत तो चित्रं दाखवी, नावं विचारी, गुण देई. डॉक्टरांच्या हाती फक्त आकडा येई.

भूपेंद्रचा चेहरा उतरला. त्याची आई, यशोदाबाई, शिंदखेड्याला एकटी राहायची. लग्नसराईत खापरावरचे मांडे करायला चार गावांतून तिला बोलावणं यायचं.

‘आई, आता विस्तवापाशी जायचं नाही,’ तो म्हणाला. ‘घराला कुलूप लावू. तू माझ्याकडे धुळ्यालाच राहा.’

यशोदाबाई रडल्या नाहीत.

‘मनं काय चुकनं?’ त्यांनी डॉक्टरांना विचारलं. ‘माले ऐकू द्या.’

असं आजवर कुणी मागितलंच नव्हतं. डॉक्टरांनी रेकॉर्डिंग लावलं.

‘हे काय आहे?’ संगणकाचा आवाज आला.

‘केयं,’ यशोदाबाईंचा आवाज.

‘चूक. हे काय आहे?’

‘पोयपाट.’

‘चूक. हे काय आहे?’

‘डोया! दखाय नही का तुले?’

‘चूक.’

रेकॉर्डिंग संपेपर्यंत भूपेंद्रला हसू आवरेना. ‘डॉक्टर, आमच्या अहिराणीत केळ्याला केयंच म्हणतात! पोळपाटाला पोयपाट, डोळ्याला डोया. आई एकदाही चुकलेली नाही.’ मग तो आईकडे वळला आणि खाली मान घालून म्हणाला, ‘मीच चुकलो.’

डॉ. मेघा साताऱ्याच्या. धुळ्याला येऊन त्यांना चारच महिने झाले होते. त्याही हसल्या, आणि एकदम थांबल्या. त्यांनी यादी उघडली. चार महिन्यांत संगणकानं सदतीस जणांना नापास केलं होतं.

सोमवारी सगळ्यांना परत बोलावलं. संगणक बंद होता. डॉक्टरांशेजारच्या खुर्चीत, चित्रांचा गठ्ठा मांडीवर घेऊन, यशोदाबाई बसल्या होत्या.

पहिला नंबर हिलाल आबांचा. सुनेनं त्यांना हात धरून आणलं. ‘आजार फार वाढलाय, मॅडम,’ ती म्हणाली. ‘तुमचा रिपोर्ट आल्यापासून दोन महिने झाले, तोंडातून शब्द नाही.’

यशोदाबाईंनी चित्रं बाजूला ठेवली.

‘आबा, का बरं बोलतस नही?’

आपली बोली ऐकून आबांनी मान वर केली. आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग बंद संगणकाकडे.

‘ते मशीन म्हने, मी समदं चुकस. म्हनीसन गप बशी ऱ्हायनू,’ आबा म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून ऐसपैस बसले. ‘आते सांग अक्का, काय काय इचारनं शे?’