तळहाताला लागलेली भूक

समुद्रजीवांच्या प्रयोगशाळेत ती तारामाशांवर राहणाऱ्या कृमींचा अभ्यास करायची. हे कृमी म्हणजे पक्के आयतोबा. ताऱ्याच्या पोटाखाली राहायचं आणि त्याच्या जेवणातलं सांडलंलवंडलं खायचं. त्याला ना त्रास, ना उपयोग. हिवाळ्यात ताऱ्यांवर त्यांची नुसती दाटी व्हायची आणि उन्हाळा लागला की जवळजवळ सगळे पसार. कुठं जातात, हे तिला काही केल्या कळेना.

“माहेरी जात असतील,” नवरा म्हणाला. तो दुपारी तिला न्यायला आला होता. बोलता बोलता त्यानं बाही वर सारून कृमींच्या टाकीत हात घातला.

वाळूतून एक कृमी वर आला, पाठोपाठ दुसरा, मग रांगच लागली. सगळे त्याच्या बोटांवर ओळीनं बसले, तोंडं तळहाताच्या मध्याकडे वळवून.

“अहो, तुम्हाला तारामासा समजले!” तिला हसू आवरेना. “ताऱ्याचं तोंड तिथंच असतं ना. जेवण कधी येतंय, याची वाट बघतायत.”

तिनं मऊ कुंचल्यानं त्यांना सोडवलं. एकही सुखासुखी सुटला नाही. नवरा मात्र आपल्या तळहाताकडे बघत होता.

“अगं, भूक लागलीय,” तो हळूच म्हणाला. “पण पोटात नाही.”

तिनं बिस्किटांचा पुडा पुढं केला. त्यानं एक बिस्कीट टेबलावर ठेवलं, त्यावर तळहात पालथा घातला आणि डोळे मिटले.

हात उचलला, तेव्हा खाली चुराही नव्हता.

“अजून एक दे ना,” तो लाजत म्हणाला.