सहावा लेयर

“पाच म्हणजे पाच,” प्रोग्रामर म्हणाला. “तांबं, हिरवा लेप, पांढरी छपाई, छिद्रं आणि कड. सर्किट बोर्डात याउपर असतंच काय?”

“टिपणं,” ताई म्हणाल्या. “ही तार हलवू नका, इथं जागा सोडा, असलं काहीबाही. स्क्रीनवर दिसेल, कारखान्यात जाणार नाही. एक लेयर वाढव की रे.”

“जो कारखान्यात जात नाही तो लेयरच नव्हे, ताई. टिपणं कागदावर लिहा.”

बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर त्याचं आणि त्यावर बोर्ड आखायचं काम ताईंचं. त्याच्या साच्यात पाच खण होते. प्रत्येक लेयरनं त्यातल्या एकात बसायचं, नाहीतर चालतं व्हायचं. त्या साच्यावर त्याचा आपल्यापेक्षा काकणभर जास्तच जीव आहे, असं त्याची बायको म्हणायची. ताईंनी हात टेकले.

आणि नेमकी ताईंच्या आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया निघाली. ताई रजेवर गेल्या, नमुन्याचा बोर्ड त्याच्या गळ्यात पडला. नमुना पसंत पडला तर मोठं गिऱ्हाईक सॉफ्टवेअर घेणार होतं. नाहीतर दोघांनाही नोकऱ्या शोधायच्या होत्या.

जी तार हलवायची नाही, तीच तो पुन्हा पुन्हा हलवू लागला. कागदावर लिहून ठेवलं, तर कागद चहाच्या कपाखाली गेला. शेवटी इकडेतिकडे बघून त्यानं पांढऱ्या छपाईतच लिहिलं, ‘ही तार हलवू नको.’ काय सोय झाली म्हणता! मग चटकच लागली. एक ओळ तर त्यानं बोर्डाच्या मागच्या बाजूलाही लिहिली. पाठवताना मात्र स्क्रीनवर दिसलं ते सगळं पुसलं आणि हुश्श केलं.

बोर्ड तयार होऊन आला. गिऱ्हाईकाकडच्या मोठ्या बाई भिंग घेऊन बसल्या. शेजारी ताई, कालच कामावर आलेल्या. त्याचा जीव टांगणीला लागला होता, पण तोंड चालूच.

“आमच्याकडे फालतू लेयर एकही नाही, मॅडम. पाचात सगळं भागतं.”

बाईंनी मान डोलावली. तारा त्यांना आवडलेल्या दिसल्या. मग त्यांनी बोर्ड उलटा केला, भिंग जवळ नेलं आणि सावकाश वाचलं.

“‘ताई यायच्या आत सगळी टिपणं पुसणे.’” त्यांनी वर पाहिलं. “या ताई कोण?”

“मीच,” ताई म्हणाल्या. “सहावा लेयर तुम्हाला उद्या मिळेल, मॅडम. हा आत्ताच लिहायला बसतोय.”