शेवटचा हात

नवरा गेल्यावर त्याची शर्यतीची जुनी गाडी रंगवायला त्याचे तिघे मित्र दर रविवारी येत. ती गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून चुका काढी. "दरवाजा घासलाय की कुरवाळलाय?" मित्र हसत पुन्हा घासायला घेत. आज मात्र लाल रंगाचा शेवटचा हात वाळला. त्यांच्यातला पेंटर म्हणाला, "वहिनी, माशी बसली तरी घसरेल!" तिने गाडीभर तळवा फिरवला, पण नाव ठेवायला जागाच सापडेना. "बरंय," ती फणकारली. मित्र हात धुऊन निघाले. गॅरेज गप्प झालं. तिने घराची किल्ली काढली, चकचकीत दरवाज्यावर लांबलचक ओरखडा ओढला आणि पेंटरला फोन लावला. "डोळे गहाण टाकलेत का रे? दरवाज्यावर ओरखडा आहे!" "वाटलंच, वहिनी. उरलेला रंग मुद्दाम तिथेच ठेवलाय. रविवारी येतो." "एकट्याला जमणार नाही," ती खेकसली. "तिघेही या."