दोनशे दहा नाळा

“कळ काढ गं, मी गाडी घेऊन येते!” सासूचा तीस वर्षांपूर्वीचा आवाज सुईणीच्या कानात घुमत होता. आज परदेशी संस्थेच्या पाच जणांच्या निवडसमितीसमोर ती गावासाठी बाळंतपणाची खोली मागायला उभी होती. “अनुभव काय?” चष्मेवाल्या साहेबांनी विचारलं. तिनं पिशवीतली कात्री टेबलावर ठेवली. “हिनं दोनशे दहा नाळा कापल्यात. कागद नाही, पण लेकरं गावभर हुंदडताहेत!” सगळे हसले. मतं द्यायची वेळ येताच टोकाच्या खुर्चीतली अधिकारी उठली. “ही माझी आई. माझं मत धरू नका.” पाचांतलं हक्काचं मत दाराबाहेर गेलं. “लेकीचा राग आला?” साहेबांनी हळूच विचारलं. सुईणीची मान ताठ झाली. लेकीलाही न सांगितलेलं ती बोलली, “राग कसला? तिच्या वेळी गाडी आलीच नव्हती. या कात्रीनं कापलेली पहिली नाळ तिचीच. मीच कापली, एकटीनं.”