पात्राला विचारायचे प्रश्न

"लहानपणी तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटायची?"

चष्मेवाल्याचा घास हातातच राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोचे प्रश्न ठरलेले होते. किल्ली घेतली का, गॅस बंद केला का, तुमच्या ताईंचा फोन आला होता का. हा प्रश्न अगदीच नवा होता.

"कोरड्या विहिरीची," तो म्हणाला. "पाण्याच्या नाही. वाटायचं, आत पडलो तर बुडणारही नाही आणि हाक मारली तर कुणाला ऐकूही जाणार नाही."

"हे कधी बोलला नाहीत."

"तू कधी विचारलं नाहीस."

तिनं न मागता त्याला आणखी भाजी वाढली.

नोकरीतून मोकळी झाल्यावर तिनं कथालेखनाच्या वर्गात नाव घातलं होतं. तिला कादंबरी लिहायची होती. पण लिहायला बसण्याआधी हाताशी चांगली पुस्तकं हवीत, असं वर्गातल्या सरांनी सांगितलं. मग कथानक कसं रचावं याचं एक पुस्तक आलं, संवाद कसे लिहावेत याचं आलं, पात्रांना नावं कशी द्यावीत याचंही आलं. जेवणाच्या टेबलावर ताटांना जागा उरेना. कादंबरी तेवढी अजून आली नव्हती.

चष्म्याच्या दुकानात दिवसभर तोच लोकांना विचारायचा. आता स्पष्ट दिसतं का? आणि आता? त्याला स्वतःला काय दिसतं, हे विचारायला कुणाला सवड होती? आता बायको रोज जेवताना काहीतरी विचारू लागली. मनातून कुणावर जळता? खोटं बोलताना हात कुठे ठेवता? तो फुलून गेला. दुकान वेळेवर बंद करू लागला. शेजारच्या घड्याळवाल्याला तर त्यानं सांगूनही टाकलं, की या वयात बायको नव्यानं जीव लावायला लागली आहे.

एका सकाळी टेबल पुसताना त्याला एक जाडजूड पुस्तक उघडं सापडलं. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'पात्राला विचारायचे प्रश्न'. पहिलाच प्रश्न भीतीचा होता. विचारून झालेल्या प्रश्नांपुढे पेन्सिलीनं बरोबरच्या खुणा होत्या.

तो मटकन खुर्चीत बसला. मग त्यानं पान उलटलं आणि आज काय विचारणार ते वाचून ठेवलं.

'पात्राला असं काय हवं आहे, जे त्यानं कधीच मागितलं नाही?'

दिवसभर त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका आजोबांना जवळच्या काचा हव्या होत्या, त्यानं लांबच्या बसवल्या. संध्याकाळी जेवताना प्रश्न आलाच.

"परगावाहून यावं आणि स्टेशनवर कुणीतरी मला घ्यायला आलेलं असावं, एवढंच," तो म्हणाला. "सामान उचलायला नाही. नुसतं गर्दीत मान उंच करून मला शोधत असावं."

बायको जेवायची थांबली. त्याच्याकडे बघत राहिली. "फार छान," ती हळूच म्हणाली. त्याला वाटलं, प्रश्न पुस्तकातले का असेनात, लागू पडले.

शनिवारी ती वर्गातून आली ती तरंगतच.

"चष्मेवाला गेला," तिनं सांगितलं.

"कुठे?"

"वारला हो. तिसऱ्या प्रकरणात. वाचकाचा जीव जडला की पात्र काढून घ्यावं, असं पुस्तकात आहे."

त्यानं हातातला पेला खाली ठेवला. "कसा वारला?"

"स्टेशनवर. गाडीतून उतरला, सगळीकडे नजर टाकली, बाकावर बसला तो उठलाच नाही."

"घ्यायला कुणी आलं नव्हतं?"

"कुणी आलं असतं तर शोकांतिका कशी झाली असती?"

हे त्याला पटण्यासारखं होतं. "मग वर्गाला आवडलं?"

"आवडलं म्हणजे काय, सगळे रडले. सर तर उठून बाहेरच गेले."

त्याला जरा बरं वाटलं. आपल्यामागे इतकी माणसं रडतील, असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. थोडा धीर करून त्यानं विचारलं, "आणि तू?"

"मी?" बायको म्हणाली. "भावनांवरचं पुस्तक अजून यायचंय."